एका पेशीपासून अख्खं रोप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न तीन प्रकारच्या लोकांकडून येतात. परीक्षा जवळ आलेले वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी, केळी-उसाची रोपं विकत घेणारे शेतकरी, आणि एखादा व्हिडिओ पाहून स्वयंपाकघरात प्रयोगशाळा थाटायच्या बेतात असलेले हौशी लोक. सगळ्यांना मिळून एकच पान केलं आहे. उत्तर दुसरीकडे आलं असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. टिश्यू कल्चर म्हणजेच एका पेशीपासून रोप तयार करणं ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. झाडाचा कुठलाही जिवंत भाग निर्जंतुक करून बाटलीत, पोषक माध्यमावर वाढवणं म्हणजे टिश्यू कल्चर. त्यात वाटा निरनिराळ्या आहेत. पहिली वाट म्हणजे झाडावर आधीच असलेला शेंडा किंवा डोळा घ्यायचा आणि त्यालाच आणखी डोळे फोडायला लावायचं. दुसऱ्या वाटेत तुकड्यापासून आधी पेशींचा बेशिस्त गोळा वाढू देतात, म्हणजे कॅलस, आणि मग त्यातून नवे कोंब काढतात. तिसऱ्या वाटेत साध्या शरीरपेशीतूनच गर्भ तयार होतो, बियात असतो तसाच, फक्त परागीभवन आणि फलन न होता. एकेकट्या पेशीपासून रोप ही गोष्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेवरची. पहिल्या वाटेवर पेशी एकमेकींपासून कधी सुट्या होतच नाहीत.

2. मग मी नर्सरीतून आणलेलं जी-नाईनचं (ग्रँड नैन केळीचं) रोप कशापासून झालं?

मुनव्याच्या, म्हणजे केळीच्या बुंध्याशी फुटणाऱ्या पिल्लाच्या, शेंड्यापासून. चांगला घड देणारं, निरोगी मातृझाड निवडतात आणि त्याचे मुनवे खणून काढतात. धुऊन, सोलून, निर्जंतुक करून आतला वाढीचा बिंदू तेवढा माध्यमावर ठेवतात. माध्यमात बीएपी नावाचं सायटोकायनिन, म्हणजे कोंब फोडणारं संप्रेरक असतं, त्यामुळे एका शेंड्याभोवती नवे कोंब फुटतात. साधारण दर महिन्याला ते वेगळे करून ताज्या माध्यमावर लावायचे, ह्याला सबकल्चर म्हणतात. एकाचे तीन झाले असं धरलं तर आठ फेऱ्यांत कागदावर एका शेंड्याचे 6561 होतात. त्यानंतर मुळं फोडायची आणि हार्डनिंग करायचं, म्हणजे रोपाला बाहेरच्या हवेची सवय लावायची (प्रश्न 16).

ह्या साऱ्यात एकही पेशी सुटी झालेली नाही. 'एका पेशीपासून बनवलेलं रोप' असं सांगून कुणी जास्त पैसे मागत असेल तर खुशाल हसा. व्यापारी केळीत ते नकोच असतं, कारण प्रश्न 12 मध्ये आहे.

3. पानाच्या एका पेशीत अख्खं झाड होण्याची माहिती असते, हे खरं का?

बहुतेक जिवंत पेशींत असते. पानातली, मुळातली, खोडातली पेशी एकाच मूळ पेशीच्या विभाजनातून आलेली, त्यामुळे प्रत्येकीत डीएनएचा संच पूर्ण असतो. वापरात मात्र त्याचा थोडाच भाग असतो. योग्य परिस्थिती मिळाली तर पेशी मागे फिरून पुन्हा अख्खं झाड घडवू शकते, ह्या क्षमतेला पूर्णक्षमता म्हणतात. अपवादही आहेत. पाणी वाहून नेणाऱ्या काष्ठवाहिन्यांच्या पेशी मेलेल्याच असतात, आणि अन्नवाहिनीच्या चाळणीनलिकांतलं केंद्रक गेलेलं असतं.

'प्रत्येक पेशीपासून झाड होतं' हे पाठ्यपुस्तकी वाक्य मला खटकतं. माहिती असणं वेगळं आणि ती पेशीने उघडून वाचणं वेगळं. प्रयोगशाळेत आयुष्य जातं ते ह्या दुसऱ्या गोष्टीपायी.

4. ही कल्पना कोणाची, आणि पहिल्यांदा जमलं कोणाला?

कल्पना ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ गॉटलीब हाबरलांट ह्यांची, 1902 सालची. त्यांनी पानातल्या सुट्या पेशी, इतकंच काय, आपल्याकडे नदी-तलाव व्यापणाऱ्या जलपर्णीच्या देठातल्या पेशीही क्षार आणि साखरेच्या द्रावणात ठेवून पाहिल्या. पेशी जगल्या, मोठ्या झाल्या, विभागली मात्र एकही नाही. त्यांनी घेतलेल्या पेशी पक्व होत्या आणि वनस्पतींची संप्रेरकं तेव्हा कुणाला ठाऊकच नव्हती. कल्पना बरोबर आणि प्रयोग फसलेला, असं हे प्रकरण.

1958 साली कॉर्नेल विद्यापीठात फ्रेडरिक स्टुअर्ड ह्यांनी गाजराच्या अन्नवाहिनीच्या ऊतीचे तुकडे नारळपाणी घातलेल्या द्रावणात फिरते ठेवले. सुटून निघालेल्या पेशींचे पुंजके झाले आणि त्यांतून रोपं आली. राईनर्ट ह्यांनीही त्याच सुमारास गाजरातच शरीरपेशींपासून गर्भ दाखवले. तरी शंका उरली होती, कारण पुंजका एकाच पेशीचा होता हे कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. ती शंका 1965 साली विमला वसिल आणि हिल्डेब्रांट ह्यांनी मिटवली. तंबाखूच्या संकराची एकच पेशी सूक्ष्मदर्शकाखालच्या इवल्याशा कप्प्यात एकटी वाढवून त्यांनी फुलणारं झाड मिळवलं. परीक्षेत स्टुअर्ड लिहिलं तर गुण मिळतील, पण वसिल हे नाव विसरू नका.

हाबरलांट ह्यांना जी पानातली पेशी हवी होती तिच्यापासून झाड यायला मात्र 1971 साल उजाडलं. ताकेबे, लाबिब आणि मेलखर्स ह्यांनी तंबाखूच्या पानातल्या भित्तिकाविरहित पेशींपासून झाडं मिळवली.

5. पेशी सुट्या करतात कशा? कापून?

कापून मिळतात तुकडे. सुट्या पेशींसाठी दोन पद्धती आहेत.

एक म्हणजे निलंबन संवर्धन, बोलीत सस्पेन्शन. भुसभुशीत कॅलस द्रव माध्यमात टाकून फ्लास्क शेकरवर मिनिटाला शंभर-सव्वाशे फेऱ्यांनी हलता ठेवायचा. गोळा विरत जातो आणि मग जाळीतून गाळायचं. खाली येतं त्यात एकट्या पेशी असतात आणि पाच-दहा पेशींचे पुंजकेही. शंभर टक्के एकट्या पेशींचं सस्पेन्शन मी तरी पाहिलेलं नाही.

दुसरी प्रोटोप्लास्टची. पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन आणि भित्तिकेतलं सेल्युलोज विकरांनी (एन्झाइमांनी) पचवून टाकायचं. 1960 साली एडवर्ड कॉकिंग ह्यांनी टोमॅटोच्या मुळांवर हे करून दाखवलं. भित्तिका गेली की उरतो पातळ पटलातला गोल थेंब, तोच प्रोटोप्लास्ट. साध्या पाण्यात तो फुगून फुटतो, म्हणून द्रावणात मॅनिटॉलसारखी शर्करा घालून बाहेरचा परासरणदाब आतल्याइतका राखावा लागतो. एक ग्रॅम कोवळ्या पानापासून लाखो प्रोटोप्लास्ट मिळतात. नीट ठेवले तर ते एक-दोन दिवसांत नवी भित्तिका विणू लागतात आणि आठवड्याभरात विभागायला लागतात. पिपेटचं टोक अरुंद असेल तर त्यातून ओढतानाच निम्मे फुटतात. टोक कात्रीने तिरपं कापून रुंद करून घ्या, हे प्रोटोकॉलात सहसा लिहिलेलं नसतं.

6. भरपूर पेशी ठेवल्या की वाढतात, मोजक्या ठेवल्या की मरतात. असं का?

पेशी वाढताना काही पदार्थ बाहेर सोडतात आणि एकमेकींचे वापरतात. गर्दी एका मर्यादेखाली गेली की हे पदार्थ फार विरळ होतात आणि कुणीच विभागत नाही. प्रोटोप्लास्टसाठी साधारणपणे मिलिलिटरला दहा हजार ते एक लाख अशी गर्दी ठेवतात. एकच पेशी वाढवायची असेल तर तिला शेजार द्यावा लागतो. जिवंत कॅलसवर गाळणकागद ठेवून वर पेशी ठेवायची, म्हणजे खालच्याचा रस वर झिरपतो. किंवा जुन्या सस्पेन्शनचं गाळलेलं माध्यम घालायचं. तिसरा उपाय म्हणजे थेंबच इतका छोटा करायचा की एका पेशीनेही त्यात 'गर्दी' होते. प्रश्न 4 मधल्या इवल्या कप्प्याचं मर्म हेच.

7. माध्यमात असतं काय? आणि साखर कशाला?

सर्वात जास्त वापरलं जातं ते मुराशिगे आणि स्कूग ह्यांचं 1962 सालचं माध्यम, सगळीकडे 'एमएस' म्हणतात ते. त्यात नत्र, पालाश, स्फुरद, कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह-जस्त-बोरॉनसारखी सूक्ष्मद्रव्यं आणि थोडी जीवनसत्त्वं असतात. लिटरला 30 ग्रॅम साखर, घट्ट करायला सुमारे 8 ग्रॅम आगर, पीएच 5.8. मग 121 अंश सेल्सिअसला पंधरा-वीस मिनिटं ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणं. पीएच खाली घसरला तर आगर घट्टच होत नाही. नवशिक्यांचं 'माध्यम पातळ राहिलं' हे रडगाणं बहुतेक वेळा इथलंच असतं.

साखर अशासाठी की बाटलीतली ऊती स्वतःचं अन्न पुरेसं करत नाही. कॅलसला पानं नाहीत, आणि हिरव्या रोपालाही बंद बाटलीत प्रकाश आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही तोकडे पडतात. अनेक व्यापारी प्रयोगशाळा किराणा दुकानातलीच साखर वापरतात. प्रोटोप्लास्टच्या कामाला मात्र शुद्ध सुक्रोज घ्या.

8. तोच कॅलस कधी मुळं देतो, कधी कोंब. हे ठरतं कशावर?

मुख्यतः ऑक्झिन आणि सायटोकायनिन ह्या दोन संप्रेरकांच्या प्रमाणावर. स्कूग आणि मिलर ह्यांनी 1957 साली तंबाखूवर दाखवलं की ऑक्झिनचं पारडं जड असेल तर मुळं येतात, सायटोकायनिनचं जड असेल तर कोंब, आणि दोन्ही मध्यम असली तर नुसताच गोळा वाढत राहतो. त्यांचं कायनेटिन हे सायटोकायनिन त्याआधी दोन वर्षं, हेरिंग माशाच्या शुक्राणूंतल्या डीएनएपासून हाती आलेलं होतं. वनस्पतीचं संप्रेरक शोधायला माशाच्या दारी जावं लागलं!

शरीरपेशीतून गर्भ काढायचे असतील तर चाल वेगळी असते. आधी 2,4-डी हे तीव्र ऑक्झिन द्यायचं, त्याने पेशी गर्भाच्या वाटेला लागतात. मग ते काढून घ्यायचं किंवा अगदी कमी करायचं, तेव्हा गर्भ पुढे वाढतात. दिलं तसंच चालू ठेवलं तर गर्भ अर्ध्यावर अडकतात. होय, हे तेच 2,4-डी जे उसात आणि गव्हात रुंद पानांच्या तणावर फवारतात. मात्रा बदलली की औषध बदलतं. बाटलीत ते लिटरला एक-दोन मिलिग्रॅम असतं.

9. कॅलस छान हिरवागार वाढतोय, पण चार महिने झाले, रोप येत नाही. काय चुकतंय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, आणि त्यातला 'हिरवागार' हा शब्दच निदान सांगतो. भरभर वाढणारा कॅलस म्हणजे रोप देणारा कॅलस नव्हे. भात आणि उसात कामाचा कॅलस पिवळसर पांढरा, कोरडा, रव्यासारखा दाणेदार आणि बऱ्यापैकी सावकाश वाढणारा असतो. पाणचट, चिकट, करडा किंवा पारदर्शक कॅलस जोमाने फुगतो, त्यातून फार तर मुळं निघतात. दोन्ही एकाच बाटलीत शेजारीशेजारी असतात. चिमट्याने दाणेदार भाग उचलायचा आणि बाकीचा निर्दयपणे फेकायचा. नव्या मुलांना फेकणं जमत नाही, जीव अडकतो. माझाही अडकायचा. एका हंगामात मी ऊसाच्या चाळीस बाटल्या 'पुढे होईल काहीतरी' म्हणून सांभाळल्या. झाली ती फक्त मुळं.

दुसरं, सुरुवात कशापासून केली ते पाहा. गव्हात अपक्व गर्भ हवा. दाणा भरला की वेळ गेली, ही संधी फुलोऱ्यानंतर जेमतेम थोड्या दिवसांची असते. उसात शेंड्यातली गुंडाळलेली कोवळी पानं, केळीत कमळाच्या, म्हणजे केळफुलाच्या आतली अपक्व नरफुलं. जून पानाचा तुकडा लावून वर्षभर वाट पाहिली तरी तृणधान्यं दाद देत नाहीत.

तिसरं, कॅलसचं वय. महिन्यांमागून महिने सबकल्चर करत गेलं की रोप देण्याची ताकद उतरत जाते. चार महिने थांबला आहात तर त्याच कॅलसशी झटू नका, नव्याने सुरुवात करा.

हे तिन्ही बरोबर असूनही जमत नसेल तर बहुधा वाण आडवा येतोय. पुढचा प्रश्न वाचा.

10. तंबाखूत सहज होतं, मग तूर, कापूस, गहू ह्यांत का अडतं?

तंबाखू, गाजर आणि पेटुनिया ही ह्या शास्त्राची लाडकी मुलं, कारण ती काहीही केलं तरी उगवतात. तृणधान्यांच्या पानातल्या पेशी लवकर पक्व होतात आणि विभाजनाला परत फिरत नाहीत. भातात प्रोटोप्लास्टपासून रोप 1980च्या दशकाच्या मध्यावर आलं, तेही गर्भक्षम सस्पेन्शनपासून, पानापासून नव्हे. गव्हाला 1990 उजाडलं. कडधान्यं अजून त्रास देतात.

त्याहून त्रासदायक गोष्ट म्हणजे एकाच पिकातल्या दोन वाणांतला फरक. जापोनिका भात इंडिकापेक्षा सहज दाद देतो. कापसात तर कोकर 312 ह्या जुन्या अमेरिकी वाणावाचून पान हलत नव्हतं. शरीरपेशींपासून गर्भ त्यातच भरवशाने येतात, म्हणून बोंडअळीला मारणारं बीटी जनुक घालायला तोच वापरला गेला. जालन्याच्या महिकोने 1996 साली अमेरिकेहून बियाणं आणलं ते ह्याच पार्श्वभूमीचं. मग भारतीय वाणांशी पिढ्यान् पिढ्या संकर करून ते जनुक इकडे आणावं लागलं, आणि 2002 साली बीटी कापसाला मंजुरी मिळाली. विदर्भातल्या शेतकऱ्याच्या वाट्याला आलेल्या त्या सहा वर्षांतला काही काळ तरी एका वाणाच्या पेशी ऐकतात आणि दुसऱ्याच्या ऐकत नाहीत, ह्या साध्या अडचणीपोटी गेला.

अलीकडे ह्यावर उपाय निघालाय. गर्भ घडवणारी जनुकं पेशीत थोडा वेळ चालू करायची. मक्यात बेबी बूम आणि वुशेल-2 ह्या जोडीने हट्टी वाणांतूनही रोपं आली (2016), गव्हात जीआरएफ-4 आणि जीआयएफ-1 ह्यांच्या जोडगोळीने (2020). माध्यमाच्या पाककृती बदलत बसण्यापेक्षा पुढचा रस्ता हाच आहे असं मला वाटतं.

11. आंबा किंवा डाळिंब लावलं की माध्यम काळं पडतं.

कापलेल्या जागेतून फिनॉलिक पदार्थ बाहेर येतात आणि हवेने काळे होतात, सफरचंदाची फोड होते तसेच. ऊतीला ते विषारी असतात. पहिले दिवस अंधारात ठेवा, दोन-तीन दिवसांनी ताज्या माध्यमावर हलवा, अॅस्कॉर्बिक अॅसिडच्या द्रावणात बुडवून लावा. सक्रिय कोळसाही चालतो, पण तो संप्रेरकंही शोषून घेतो, हे लक्षात ठेवून मात्रा ठरवा.

12. टिश्यू कल्चरची सगळी रोपं हुबेहूब सारखी असतात ना?

वाटेवर अवलंबून आहे. शेंड्यापासून केलेली (प्रश्न 2) जवळजवळ सारखी असतात. कॅलस किंवा सुट्या पेशींमधून गेलेली रोपं बदलण्याची शक्यता बरीच वाढते. गोळ्याच्या अवस्थेत पेशी भराभर विभागतात, गुणसूत्रांची मोडतोड होते, डीएनएवरच्या, जनुकं चालू-बंद ठेवणाऱ्या मिथाइल खुणा विस्कटतात. ह्या बदलांना लार्किन आणि स्कोक्रॉफ्ट ह्यांनी 1981 साली सोमाक्लोनल विविधता हे नाव दिलं.

केळीत ठेंगणी झाडं, चिंचोळी किंवा चट्टेदार पानं, गच्च अडकलेला घड अशा रूपांत ती दिसते. ग्रँड नैनचा फ्रेंचमधला अर्थच मुळी 'मोठी बुटकी', तिच्यातून आणखी बुटकी निघणं म्हणजे जरा अतीच. शेंड्यांच्या वाटेवरही फेऱ्या वाढल्या की हे प्रमाण वाढतं, म्हणून जबाबदार प्रयोगशाळा केळीत आठच्या आसपास सबकल्चर झाली की थांबतात आणि नवा मुनवा घेतात. रोपं घेताना 'कितवं सबकल्चर?' हे विचारा. उत्तर टाळलं तर दुसरीकडे जा. सहा बाय पाच फुटांवर लावली तर एकरी 1452 झाडं बसतात. त्यांत शेकडा पाच बिघडली तरी सत्तरच्या वर घड गेले.

सर्वात गाजलेलं उदाहरण तेलताडाचं. शरीरपेशींच्या गर्भापासून वाढवलेल्या काही झाडांना वर्षांनंतर विचित्र, तेल न देणारी फळं लागली, आणि तोवर मळे उभे राहिले होते. 2015 साली कारण सापडलं: एका फुलजनुकाच्या आत बसलेल्या 'कर्मा' नावाच्या उड्या मारणाऱ्या जनुकखंडावरची मिथाइल खूण पुसली गेली होती. नाव शास्त्रज्ञांनीच ठेवलेलं आहे, माझी कोटी नाही.

आता उलटी बाजू. बदल वाईटच असतो असं नाही. को 94012, म्हणजे आपला फुले सावित्री ऊस, कोसी 671 च्या कॅलसमधून निघालेल्या बदललेल्या रोपांतून निवडलेला आहे. एकाच्या शेतातली तक्रार दुसऱ्याच्या हाती आली की वाण होते.

13. टिश्यू कल्चरचं रोप रोगमुक्त असतं, मग आमच्या बागेत व्हायरस आला कसा?

दोन गोष्टी वेगळ्या करू. बाटलीत बुरशी किंवा जिवाणू असले तर ते बहुधा माध्यमावर दिसतात आणि बाटली फेकली जाते. विषाणू दिसत नाही. मातृझाडात बंची टॉप किंवा कुकुंबर मोझॅक हे केळीचे विषाणूरोग असतील तर हजारो रोपांत विषाणू सुखाने जाईल. वाढीच्या टोकाचा अगदी इवला तुकडा घेतला तर विषाणू मागे राहू शकतो. मोरेल आणि मार्टिन ह्यांनी 1952 साली डेलियात हे दाखवलं. पण व्यापारी कामात घेतला जाणारा शेंडा त्याहून मोठा असतो. म्हणून मातृझाडाची आणि रोपांची विषाणू तपासणी लागते. त्यासाठी जैवतंत्रज्ञान विभागाची राष्ट्रीय प्रमाणीकरण योजना 2006 पासून आहे. रोपं घेताना त्या प्रमाणपत्राची लेबलं मागा.

दुसरी गोष्ट, रोगमुक्त म्हणजे रोगप्रतिकारक नव्हे. लागवडीनंतर शेजारच्या काकडी-भोपळ्यावरचा मावा मोझॅक घेऊन आला तर कोवळं टिश्यू कल्चरचं रोप आधी बळी पडतं.

एक अवघड अपवादही आहे. बाल्बिसियाना, म्हणजे रानकेळीचा 'बी' जनुकसंच असलेल्या काही जातींत केळीच्या स्ट्रीक विषाणूचा डीएनए झाडाच्या गुणसूत्रातच बसलेला असतो. टिश्यू कल्चरच्या ताणाने तो जागा होऊ शकतो. म्हणजे मातृझाड तपासणीत निर्दोष ठरतं आणि रोपं आजारी निघतात. जी-नाईन पूर्णपणे 'ए' संचाची असल्याने तिला ही भीती नाही.

14. हे जीएम (जनुकबदल केलेलं पीक) आहे का?

नाही. पेशीत बाहेरचं जनुक घातलं नाही तोवर ते निव्वळ संवर्धन आहे. लोकांचा गोंधळ होतो कारण जीएम पीक करायला बहुतेकदा हीच पायरी लागते: बदल एका पेशीत होतो, झाड त्या पेशीपासून उभारावं लागतं. जनुक संपादनालाही, म्हणजे झाडाच्याच जनुकात नेमका बदल करण्यालाही, तेच लागू. भारत सरकारने मार्च 2022 मध्ये बाहेरचा डीएनए नसलेल्या संपादित पिकांना, म्हणजे एसडीएन-1 आणि एसडीएन-2 प्रकारांना, जीएमच्या कडक नियमांतून वगळलं. मे 2025 मध्ये डीआरआर धान 100 (कमला) आणि पुसा डीएसटी राईस 1 हे दोन संपादित भात जाहीर झाले. संपादनाची कात्री कितीही नेमकी असली तरी पेशीपासून रोप आलं नाही तर सगळं मुसळ केरात, आणि कुठल्या पिकाचं अडतं ते प्रश्न 10 मध्ये आहे.

15. टोमॅटो आणि बटाट्याच्या पेशी जोडून एकच झाड केलं होतं म्हणे?

हो, मेलखर्स ह्यांनी 1978 साली, प्रोटोप्लास्ट एकमेकांत मिसळवून. धड टोमॅटो नाही, धड बटाटा नाही. पहिला असा संकर तंबाखूच्या दोन जातींचा, 1972 सालचा. खरा उपयोग झाला तो जवळच्या नात्यांत: मोहरीवर्गात नरवंध्यता (कामाचे परागकण न होणं) एका जातीतून दुसरीत नेणं, संत्रावर्गात खुंटांसाठी संकर घडवणं.

16. बाटलीतून काढलेली रोपं चार दिवसांत मान टाकतात.

बाटलीत आर्द्रता शंभर टक्क्यांच्या जवळ असते. तिथल्या पानावर मेणाचा थर जेमतेम असतो आणि पर्णरंध्रं मिटायला शिकलेलीच नसतात. बाहेर आल्या आल्या पान पाणी गमावतं, आणि बाटलीतली मुळं ते भरून काढण्याइतकी कामाची नसतात.

आगर कोमट पाण्याने पूर्ण धुवा, राहिलं तर बुरशी येते, कारण त्यात साखर आहे. निर्जंतुक कोकोपीटच्या प्रो-ट्रेमध्ये लावा आणि पहिले काही दिवस प्लास्टिकच्या बोगद्यात धुक्यासारखं पाणी द्या. पाणी म्हणजे चिखल नव्हे. मग रोज थोडा थोडा बोगदा उघडत न्या. नवीन फुटलेली पानं बाहेरच्या हवेतली असतात, तीच रोपाला तारतात. जुनी गळली तर घाबरू नका. ह्यानंतर पिशवीत शेडनेटखाली दीड-दोन महिने. खानदेशात एप्रिल-मेच्या उन्हात पिशवीतली रोपं थेट शेतात नेऊ नका, दोन-चार दिवस शेताच्या बांधावर सावलीत राहू द्या.

पानं काचेसारखी, ठिसूळ, अर्धपारदर्शक असतील तर ती बाटलीतच बिघडलेली असतात. आगर वाढवा, सायटोकायनिन कमी करा, झाकणातून हवा खेळू द्या. अशी रोपं हार्डनिंगला लावण्यात अर्थ नाही.

17. धोतऱ्याच्या परागकणांपासून झाड हा भारतीय शोध आहे का?

हो. दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा आणि सतीश माहेश्वरी ह्यांनी 1964 साली धोतऱ्याच्या परागकोषांतून गर्भ मिळवले. परागकणात गुणसूत्रांचा एकच संच असतो, त्यामुळे झाडही एकसंची येतं. कोल्चिसिन ह्या रसायनाने संच दुप्पट केला की एका फटक्यात शुद्ध वाण मिळतो, एरवी त्याला सहा-सात पिढ्या लागतात. भात-गव्हात हे करताना बरीच रोपं पांढरीफटक, हरितद्रव्य नसलेली निघतात. ती वाचवायच्या भानगडीत पडू नका, वाचत नाहीत.

18. घरी करून पाहता येईल का?

शेंड्यांपासून करायचं असेल तर येईल. प्रेशर कुकर ऑटोक्लेव्हचं काम करतो, आणि पारदर्शक प्लास्टिकच्या डब्याला हात जाण्याएवढी दोन भोकं पाडली की लॅमिनारची, म्हणजे गाळलेली हवा देणाऱ्या प्रयोगशाळेतल्या कपाटाची, वेळ भागते. पंखा बंद, खिडक्या बंद. गाजराचा कॅलसही घरी येतो. पेशी सुट्या करून रोप काढणं मात्र घरचं काम नाही. विकरं महाग, आणि एका जिवाणूने पूर्ण फ्लास्क रात्रीत दुधाळ होतो.

माझ्या स्वतःच्या पहिल्या साठ बाटल्यांपैकी त्रेपन्न बुरशीने गेल्या, आणि कारण निघालं खिशातला मोबाइल. मधून मधून तो पाहायचो आणि त्याच हाताने चिमटा धरायचो.

19. कृत्रिम बी म्हणजे काय?

पेशींपासून केलेला गर्भ किंवा छोटा शेंडा सोडियम अल्जिनेटच्या मण्यात गुंडाळलेला, साबुदाण्याच्या दाण्यासारखा दिसणारा. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात केळीच्या शेंड्यांवर हे काम झालं आहे. शेतात थेट पेरण्याइतकं ते टिकाऊ अजून नाही.

20. बाटलीत बांबूला फुलं आली होती, हे खरं?

खरं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, 1990 साली. एरवी काही बांबू कित्येक दशकांनी एकदा फुलतात आणि मरतात. इथे काही महिन्यांच्या रोपांना सायटोकायनिनच्या माध्यमावर फुलं आली आणि बीही धरलं.

21. टिश्यू कल्चरच्या बागेतले मुनवे काढून पुढच्या वर्षी लावले तर चालतील का? की पुन्हा रोपंच घ्यायची?

चालतील. मुनवा आणि मातृझाड जनुकीयदृष्ट्या एकच. 'टिश्यू कल्चरचा दम एकाच पिकापुरता असतो' हे खरं नाही. पण मुनवे वेगवेगळ्या वयाचे असतात, त्यामुळे निसवण पुढेमागे होते आणि कापणी दोन-तीन महिने लांबते. एकदम माल विकायचा असेल तर रोपं घ्या. मातृबागेत मोझॅक किंवा बंची टॉपचं एक जरी झाड दिसलं असेल तर तिथला मुनवा घेऊ नका. मुनवे घेतलेच तर सुतकृमी आणि सोंडकिडीसाठी कंद तासून, प्रक्रिया करून मगच लावा.